शततारकेचा पाचवा मजला

४ जानेवारी

पाचर,

'शततारका'च्या नवव्या भागात इंजिनखोलीच्या भिंतीवर जो तपकिरी डाग दिसतो, तो किरणोत्साराचा नाही. चहाचा आहे. मीच सांडला होता. रंगारी जेवायला गेलेला आणि दिग्दर्शक साहेबांना शॉट लगेच हवा होता, म्हणून तो तसाच राहिला. तुम्हा चाहत्यांच्या साइटवर या एका डागावरून एकशे चौदा माणसं भांडलेली पाहिली आणि राहवलं नाही.

खरं तर पत्राची सुरुवात अशी करायची नव्हती. आशीर्वाद, खुशाली वगैरे लिहून तीन कागद फाडले. अकरा वर्षांनी बापाने मुलीला काय लिहायचं असतं, ते मला माहीत नाही. चहाचं माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात केली.

पत्ता मावशीने दिला. "भावोजी, फोन करू नका," म्हणाली. "पत्र लिहा. नको असेल तर तिला फाडता तरी येईल." तुझी मावशी पूर्वीपासून अशीच, समोरच्याची सोय आधी बघते.

तू सापडलीस ती अशी. माझ्या दुकानाला लागून एक फ्रेमवाला आहे. पन्नाशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, पण टीव्हीवरच्या 'शततारका'चं नाव काढलं की हातातलं काम खाली ठेवतो. मालिका बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी याचं वेड कमी नाही. परवा मोबाइलवर तो मला त्या अंतराळयानाचा नकाशा दाखवत होता. कुठल्या मजल्यावर काय, कॅप्टनची खोली कुठे, स्वयंपाकघराचा धूर कुठून बाहेर जातो. मी सहज म्हणालो, "हे वेगवेगळे कॉरिडॉर नाहीत, एकच आहे." तो म्हणाला, "काका, तुम्हाला काय माहीत?" म्हटलं, "मीच ठोकलाय तो." त्यानंतर तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला वाटलं आता हा मलाच फ्रेममध्ये घालतो.

नकाशाच्या खाली, काढणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं: पाचर.

जगात नावांना तोटा नाही, पण हे नाव सुताराच्या पोरीशिवाय कोण घेणार? दोन मोठी माणसं शेजारी बसली की मधल्या फटीत तू घुसायचीस, म्हणून मी ते ठेवलं होतं. मला वाटत होतं, माझ्याकडचं सगळं तू टाकून दिलं असशील. दुकानात बसून मी ते नाव बराच वेळ वाचत होतो. फ्रेमवाल्याला वाटलं मला चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

तुझं काम बारीक आहे. छताच्या पट्ट्या मोजून तू कॉरिडॉरची लांबी काढलीस, ते वाचून मला आनंद झाला. बावीस फूट. बरोबर बावीस. बाकीचे चाळीस पावलं, पन्नास पावलं म्हणतात. ते नट टोकाला जाऊन मागून पळत यायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. मजला बदलायचा म्हणजे रंगारी भिंतीवरची पट्टी बदलायचा. निळी पहिला, पिवळी दुसरा, हिरवी तिसरा, राखाडी चौथा. तुम्ही ज्याला ऊर्जावाहिन्या म्हणता ते सांडपाण्याचे पाइप आहेत, वरून चंदेरी रंग दिलेले.

आणि आजारखोलीशेजारचं ते चार फुटी बिननंबरचं दार. त्याच्यावर तुम्ही लोकांनी काय काय रचलंय! कुणी म्हणतं यंत्रमानवांसाठी, कुणी म्हणतं बुटक्या परग्रहवासीयांसाठी. तू म्हणतेस, तिथून पाचव्या मजल्याचा जिना वर जातो. त्याच्यामागे माझी हत्यारं ठेवायची जागा होती. बाकी काही नाही.

तब्येत जप.

बाबा


२० जानेवारी

पाचर,

उत्तर नाही. यायलाच हवं असं मी धरून चाललेलो नाही, पण पोस्टमन दिसला की उगाच रंधा थांबवतो. त्याच्याही ते लक्षात आलंय. लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

एक अडचण आली आहे, ती तुझ्या कानावर घालतो. एक प्रकाशक 'शततारका'वर मोठं चित्रांचं पुस्तक काढणार आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलं की सेटचा सुतार अजून जिवंत आहे आणि त्याच्याकडे मूळ वही आहे. आहे खरी. निळ्या पुठ्ठ्याची, त्रेसष्ट पानांची, सगळी मापं माझ्या हातची. ती त्यांना मार्चअखेर छापायला हवी आहे.

वहीत चार मजले आहेत, पाचर. पाचवा नाही.

तुमच्या साइटवरचा तो 'गणितज्ञ' म्हणवणारा इसम गेली सहा वर्षं तुझ्या मागे लागलाय. खिडक्या मोजल्या, बाहेरचं माप घेतलं, पाचवा मजला यानात मावतच नाही, पाचरबाईंनी कल्पनेचे इमले बांधू नयेत, वगैरे. उंटावरचा शहाणा आहे. पण माप त्याचं बरोबर आहे, हे मला लिहायला नको वाटतं तरी लिहितो. तू बारा वर्षं उभं केलेलं सगळं, वही छापून आली की एका दिवसात कोसळेल आणि लोक हसतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगशील तर मी वही काढणारच नाही. सांगून टाकीन की वाळवीने खाल्ली. सुताराच्या घरात वाळवी, कुणालाही पटेल.

आता दाराबद्दल. मागच्या पत्रात हत्यारं लिहिलं ते खोटं होतं. हत्यारं मी कायम पेटीत ठेवतो, तुला ते माहीत आहे. तू ते वाचून हसली असशील किंवा पत्र तिथेच खाली ठेवलं असशील.

दार तुझ्यासाठी केलं होतं. तुझी आई हॉस्पिटलात होती आणि घरी तुझ्याजवळ कुणी नव्हतं. तू सात वर्षांची. शाळा सुटली की तुला सेटवर आणायचो. साहेब म्हणाले, "मूल मध्ये दिसता कामा नये." मग भिंतीमागे मी एक खोली काढली आणि तुझ्या उंचीचं दार केलं. आत चटई, फळी, पेन्सिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते दार पाहिलं आणि म्हणाले, "छान दिसतंय, राहू दे." तसं ते यानात आलं. एकही कथा त्या दारामागे घडली नाही, कारण आत तू गृहपाठ करत होतीस.

तुझ्या खोलीत एक छोटा लाल दिवाही लावला होता. सेटवरचा मोठा लाल दिवा लागला की शूटिंग सुरू, कुणी शिंकायचंसुद्धा नाही. तुला आतून तो दिसायचा नाही, म्हणून वायरमनकडून तुझ्यासाठी वेगळा ओढून घेतला. "लाल दिवा लागला की तोंडाला कुलूप," असं मी शिकवलं होतं. एवढ्या महिन्यांत तुझ्यामुळे एकही शॉट वाया गेला नाही. मोठमोठे नट खोकायचे, तू नाही. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो.

बाबा


८ फेब्रुवारी

पाचर,

फ्रेमवाल्याने काल विचारलं, "काका, लिफ्टमध्ये पाच बटणं का? मजले तर चारच म्हणता." मी म्हटलं, चुकून पडलं असेल. तो म्हणाला, "तुमच्या हातून?" माझी स्तुती करत होता.

लिफ्ट म्हणजे एक खोकं होतं. वर जायचं नाही, खाली जायचं नाही. दोन माणसं बाहेरून हलवायची आणि आत उभे असलेले नट गुडघे वाकवायचे. मी चार बटणं बसवली होती. एक दिवस दुपारी तू विचारलंस, "आई कधी येणार?" रोज विचारायचीस आणि मी रोज 'उद्या' म्हणायचो. त्या दिवशी मला उद्या म्हणवेना. सकाळी डॉक्टर बोलले होते. मी तुला लिफ्टमध्ये नेलं आणि म्हणालो, "आई पाचव्या मजल्यावर आहे. यानाचे मोठे डॉक्टर तिथे असतात. पण तिथे आपल्याला जायची परवानगी नाही."

तू म्हणालीस, "बटणं चारच आहेत."

तुझी नजर तेव्हापासूनच अशी आहे. मी म्हणालो, पाचवं दुरुस्तीला गेलंय. आणि जेवणाच्या सुट्टीत पेटी उघडून पाचवं भोक पाडलं, बटण बसवलं. त्याच्यात दिवा टाकला नाही, कारण दाबून पाहशील अशी भीती होती. संध्याकाळी तू ते पाहिलंस आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिलीस. दाबलं नाहीस. परवानगी नव्हती ना.

आई गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चार महिने तू पाचव्या मजल्यासाठी चित्रं काढून मला देत होतीस आणि मी 'पाठवली' म्हणत होतो. माझ्या पेटीच्या तळाशी ती अजून आहेत, एकवीस. तुला सांगेन सांगेन म्हणता मालिका बंद झाली आणि सेट मोडायचा हुकूम आला. मोडायलाही मीच. तुला त्या दिवशी घरी ठेवायला हवं होतं, पण ठेवणार कुणाकडे? मी पहारीने लिफ्टचं छप्पर उचकटलं आणि तू खाली उभी राहून वर पाहिलंस. वर स्टुडिओचा पत्रा होता आणि एक पंखा. मग मला विचारलंस, "बाबा, खिळे वेगळे ठेवायचे का?" आणि खिळे गोळा करायला बसलीस.

पुढच्या महिन्यात मावशी तुला घेऊन गेली. मी अडवलं नाही. लोकांना सांगितलं, मुलीच्या जातीला घरात बाई हवी. खरं कारण असं की तू काही विचारत नव्हतीस आणि मला ते सहन होत नव्हतं.

एवढं सगळं ठाऊक असून तू पाचवा मजला का काढतेस, ते मला कळत नाही. पत्रा तर तू पाहिला होतास.

प्रकाशकांचा पुन्हा फोन आला. मी अजून काही बोललेलो नाही.

बाबा


२४ फेब्रुवारी

तिन्ही पत्रं मिळाली. चहाचा डाग आणि पाइप नकाशात दुरुस्त केले आहेत.

पाचवा मजला नाही, हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मी तो वाद चालू ठेवला, कारण वाद चालू असला की जुनी माणसं कागद घेऊन येतात. चार नट, एक कॅमेरामन आणि शॉटच्या नोंदी ठेवणाऱ्या तुमच्या कंटिन्युइटीच्या बाई अशाच आल्या. त्या बाईंनी मला शूटिंगची रोजची डायरी दिली. सगळे दिवस, सगळ्या वेळा. मला त्यातला एकच दिवस हवा होता.

आई गेली त्या दिवशी दुपारी शूटिंग नव्हतं. जनरेटर बंद पडला म्हणून दोन वाजता सगळ्यांना सोडलं, असं डायरीत आहे. आई पावणेचारला गेली.

माझ्या खोलीतला लाल दिवा त्या दुपारी लागलेला होता. मी आत होते. मावशीचा आवाज मला ऐकू आला होता. मी बोलले नाही, कारण दिवा लागला होता.

एवढंच विचारायचं आहे. शूटिंग नव्हतं, तर दिवा कसा लागला?

वहीचं तुम्ही ठरवा.

पाचर


३ मार्च

पाचर,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हात धजत नव्हता.

मोठा दिवा जनरेटरवर होता, तो बंदच होता. तुझा दिवा साध्या लाइनवर होता आणि त्याला वायरमनने एक वेगळं बटण दिलं होतं, मला तो कधी हाताने लावायचा किंवा बंद करायचा झाला तर, म्हणून. ते माझ्या पेटीच्या वर, खांबावर होतं. वहीत एकतिसाव्या पानावर ते काढलेलं आहे. तू वही पाहिली असतीस तर तुला मला विचारावं लागलं नसतं.

सगळे गेले होते, मी राहिलेलं काम उरकत थांबलो होतो. मावशी तीनच्या आसपास आली. बाहेर टॅक्सी उभी ठेवून धावत आत आली होती. फाटकातून तिला येताना मी पाहिलं आणि ती कशाला आली ते मला कळलं. मी बटण दाबलं, मग तिच्याकडे गेलो.

ती म्हणाली, "भावोजी, पोरीला द्या. ताई सारखी तिला मागतेय. आता नाही तर कधीच नाही."

मी म्हणालो, "पोरगी इथे नाही. तापाने फणफणलीय, शेजारी ठेवलीय."

ती म्हणाली, "मग शेजारी जाऊ. टॅक्सी आहे."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय."

ती रडायला लागली. ते तू ऐकलं असशील. आम्ही तुझ्या दारापासून दहा पावलांवर होतो. मला मापं कधी चुकत नाहीत, दहाच. ती मला म्हणाली, निदान तुम्ही तरी चला. मी म्हणालो, तू हो पुढे, मी येतो. मी गेलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

का केलं, हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. त्या सकाळी मी आईला पाहून आलो होतो. केस नव्हते, चेहरा ओळखू येत नव्हता. मला वाटलं, तू तिला असं पाहू नयेस. ही सबब मी अठ्ठावीस वर्षं स्वतःला दिली आणि ती थोडी खरीही आहे. पण उरलेलं असं, की तुला मी पाचव्या मजल्याचं सांगून बसलो होतो. तू हॉस्पिटलात गेली असतीस तर खोटं उघडं पडलं असतं. तुझ्या आईचं मरण जवळ आलं होतं आणि मी माझं खोटं वाचवत होतो. तिला मी आदल्या दिवशी म्हणालो होतो, उद्या घेऊन येतो. तिने डोक्यावरून बांधायला मावशीकडून रुमाल मागवला होता, तू घाबरू नयेस म्हणून. ते मला नंतर कळलं. तू दाराआड होतीस हे मावशीला माहीत नाही; मी तिला अजूनही तेच सांगतो, की तुला ताप होता. हे पत्र तिला दाखव.

आता शेवटचं. मावशी गेल्यावर मी दिवा बंद करायला विसरलो. बाकावर बसून राहिलो होतो. पावणेपाचला आठवलं, दिवा बंद केला आणि तुझं दार उघडलं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, दोन्ही हात तोंडावर. पावणेदोन तास. मला वाटलं, आता विचारशील. तू हात काढलेस आणि म्हणालीस, "शॉट चांगला झाला का?"

मी म्हणालो, "एकदम चांगला झाला."

शॉट नव्हता, पाचर. दिवा मी लावला होता.

वही या पत्रासोबत तुला पाठवतो आहे, आणि ती एकवीस चित्रंही. प्रकाशकांना सांगितलं, वही मालकाकडे गेली. माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

बाबा


१९ एप्रिल

पाचर,

फ्रेमवाल्याने आज सकाळी नवा नकाशा दाखवला. तो जरा नाराज आहे. म्हणाला, "काका, पाचरने हार मानली. चारच मजले काढलेत. गणितज्ञ नाचतोय नुसता." मी म्हटलं, नाचू दे.

लिफ्टमध्ये पाच बटणं तू तशीच ठेवलीस आणि पाचव्यासमोर लिहिलंस, 'सुताराने नंतर बसवलं.' चार फुटी दारासमोर लिहिलंस, 'इथे एक मुलगी बसत असे.' त्याच्याखाली आतापर्यंत दोनशे माणसांनी विचारलंय, कोण मुलगी, कुठल्या भागात. तू कुणाला उत्तर दिलेलं नाहीस. फ्रेमवाल्याने मलाही विचारलं. मी म्हणालो, माझी. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली आणि पुढे काही विचारलं नाही. भला माणूस आहे.

तुझं पत्र नाही. आता पोस्टमन दिसला तर मी रंधा थांबवत नाही. म्हणजे थांबवतो, पण त्याला कळू देत नाही.

नकाशात एक चूक आहे, म्हणून हे लिहितो. खोलीचं माप तू सहा बाय चार दिलंयस. वहीत तसंच आहे, तुझी चूक नाही. पण ठोकताना मी ते सहा बाय साडेचार केलं होतं. अर्धा फूट कॉरिडॉरमधून चोरला. साहेबांना कधी कळलं नाही. तुला पाय लांब करून बसता यावं, म्हणून.

दुरुस्त केलंच पाहिजे असं नाही.

बाबा